चिमुकल्यांचे गणित कोणत्या भाषेत?

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की आम्हा शिक्षकांना दारोदार फिरावे लागते. पट टिकवायचा तर दुसरा मार्ग नाही. यंदा वडगावातील एका विणकराच्या घरी गेले होते. मुलगी चार वर्षांची. वडील माग बंद करून उठून आले आणि म्हणाले, “बाई, मराठीवर आमचा राग न्हाई. पण पुढं गणित, सायन्स समदं इंग्रजीतच हाय की. मग आतापासनंच घातलेलं बरं न्हवं?”

प्रश्न रास्त आहे. मायबोलीचा अभिमान हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, आणि सभेत टाळ्या घेणारी वाक्ये विणकराच्या ओट्यावर उपयोगी पडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

त्या वेळी ती मुलगी काय करीत होती? रिकाम्या आणि भरलेल्या कांड्या वेगळ्या करून दोन ढीग लावत होती. “ह्या जास्त हाईत,” असे तिने आपणहून सांगितले. मी विचारले, “कशावरून?” तेव्हा तिने दोन्ही ढिगांतली एकेक कांडी जोडीने मांडली आणि उरलेल्या तीन दाखवल्या. चार वर्षांच्या मुलाचे गणित ते हेच. वेगळे करणे, जोड्या लावणे, कमी-जास्त ओळखणे. कागदावरचे आकडे फार नंतरचे. आणि त्यासाठी लागणारे शब्द, जास्त, कमी, उरले, अर्धे, मूठभर, तिच्या जिभेवर आधीच आहेत. ते बाजूला सारून नवे शब्द पाठ करायला लावले की निम्मे वर्ष शब्दांतच जाते. शंभरपर्यंत इंग्रजी आकडे घडाघडा म्हणणारी, पण ‘सात चिंचोके दे’ म्हटल्यावर मूठ भरून देणारी मुले मी पाहिली आहेत.

विज्ञानाचेही तेच. भाताच्या झाकणाखाली थेंब कुठून आले, धोटा परत कसा येतो, असे मूल घरच्या भाषेतच विचारते. ज्या भाषेत प्रश्न विचारता येत नाही, त्या भाषेत पाच वर्षांचे मूल गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण शिस्त म्हणतो!

आता आपल्या बाजूचे उणे. मी नवी असताना पहिलीतल्या एका मुलाने ‘पंचवीस’ ऐकून पाटीवर ५२ लिहिले. मी रागावले, दहा वेळा लिहून आणायला लावले. चूक त्याची नव्हती. कानावर आधी पाच आला, मग वीस. त्याने ऐकले तसे लिहिले. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. इंग्रजीतही तसेच. आपल्या भाषेत हा उलटा क्रम आहे, वर एकोणतीस, एकोणचाळीस अशी वजाबाकी आहे, आणि ही अडचण मान्य केल्याशिवाय आपल्याला ती सोपी करता येणार नाही. जर्मन भाषेतही असाच उलटा क्रम आहे. नॉर्वेने तर १९५१ मध्ये आपली मोजण्याची रीत अधिकृतपणे बदलून घेतली.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले, तेव्हा केवढा गहजब झाला! गणिताच्या अभ्यासिका मंगला नारळीकर यांनी या वाचनामागचे कारण शांतपणे मांडले, पण थट्टाच जास्त झाली. जुने शब्द टाकावेत असे मला वाटत नाही. बाजारात पंचवीसच म्हणणार. पण वर्गात आधी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सुट्या पाच हातात द्याव्यात, ‘वीस आणि पाच’ म्हणू द्यावे, मग ‘पंचवीस’ सांगावे. मी गेली काही वर्षे असेच करते. ५२ क्वचितच येते. आपल्या मुलांच्या कानावर गल्लीतले कन्नडही असते. त्याचा या कामी उपयोग करून घ्यायला लाज कसली?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, शंख-शिंपले, बिया यांवर बालशिक्षण उभे केले. आमच्या बालवाड्यांत मात्र तक्ते भिंतीवर उंच टांगलेले आणि मुले हाताची घडी घालून बसलेली. मराठीसाठी झगडणारे आपण बालवाडीच्या ताईला खड्यांचा डबासुद्धा देत नाही.

माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले आहे. २०२० चे राष्ट्रीय धोरण शक्य तेथे पाचवीपर्यंत तरी घरची भाषा असावी म्हणते, पण धोरण मुलाला शाळेत आणून सोडत नाही. निवड पालकांची आहे. त्या विणकराला मी एवढेच म्हटले, “इंग्रजी विषय म्हणून आम्ही शिकवतोच. एक दिवस मुलीला घेऊन वर्गात बसा, मग ठरवा.” ते अजून आलेले नाहीत.

शाळा सुधारणा समितीच्या मागील बैठकीत मी प्रत्येक घरातून शंभर चिंचोके, दहा रिकाम्या कांड्या आणि एक जुने माप मागितले. एका सदस्यांनी विचारले, “याचा ठराव कशाला?” ठराव झाला. सोमवारपासून डबे स्वीकारले जातील.