इंग्रजी वाक्प्रचार : शब्द आणि रूढि

सुशिक्षित घरांतील मुलें हल्लीं इंग्रजी वर्तमानपत्र भराभर वाचतात. परंतु एखादा वाक्प्रचार आडवा आला कीं शब्दकोशांतून एकेक शब्द काढून त्यांची मोळी बांधतात, आणि अर्थ मात्र निसटून जातो. याचें कारण आपल्या शास्त्रकारांनीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे : योगापेक्षां रूढि बलवत्तर. पंकज म्हणजे चिखलांत जन्मलेलें. तरी चिखलांतल्या बेडकास पंकज कोणी म्हणत नाहीं. इंग्रजी वाक्प्रचारासही हाच न्याय लागू आहे.

'ब्रेक द आइस' हा प्रयोग घ्या. थंड देशांत गोठलेल्या पाण्यांतून नावेस वाट करून देण्यासाठीं बर्फ फोडावा लागे, त्यावरून तो आला. नवख्या मंडळींत जो पहिला शब्द काढतो, त्याच्याविषयीं हा योजितात. मराठींत 'त्यानें बर्फ फोडला' असें लिहिल्यास वाचणारा सरबताची वाट पाहील! तेथें 'संकोच मोडला' एवढेंच म्हणावें.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचितच. एका इंग्रजी महिन्यांत दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीच्या चंद्रास आतां 'ब्लू मून' म्हणतात. हा योग सुमारें अडीच-तीन वर्षांनीं, म्हणजे जवळजवळ आपल्या अधिक मासाच्या अंतरानें येतो. कपिलाषष्ठीचा योग त्याहून कितीतरी दुर्मिळ. म्हणून भाषांतरांत तो सरसकट घालूं नये. काका वर्षाकाठीं एकदां नाटकास जातात, एवढेंच सांगावयाचें तर 'क्वचित्' पुरे.

कांहीं प्रयोग मात्र शब्दशः येऊनही मराठींत रुळले. मगर भक्ष्य खातांना रडते, या जुन्या पाश्चात्त्य समजुतींतून आलेल्या 'क्रॉकोडाइल टिअर्स'चे नक्राश्रू झाले; सरकारी कागद ज्या तांबड्या फितीनें बांधीत, त्या 'रेड टेप'ची लाल फीत झाली. यांस परके म्हणण्याचें आतां कारण नाहीं.

रूढि देशागणिक पालटते, हेंही ध्यानांत असावें. सभेंत एखादा विषय 'टेबल' करणें याचा अर्थ ब्रिटनमध्यें चर्चेस मांडणें, तर अमेरिकेंत चर्चा पुढें ढकलणें! दुसऱ्या महायुद्धांत याच शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद माजला, आणि अखेर दोघांचें म्हणणें एकच असल्याचें उघड झालें, असें चर्चिल यांनीं आपल्या महायुद्धाच्या इतिहासांत नमूद केलें आहे. ज्यांचीं मुलें-नातवंडें आज लंडन वा न्यूयॉर्क येथें नोकरीस आहेत, त्यांनीं ही गोष्ट त्यांच्या कानीं अवश्य घालावी. मुरलेल्या मुत्सद्द्यांची ही गत, तर नवशिक्या कारकुनाची काय कथा?

यास्तव आमची सूचना अशी : घरांत एक वही ठेवावी. आठवड्यास तीनच वाक्प्रचार घ्यावे. त्यापुढें अर्थ, उगम आणि मुलानें स्वतः रचिलेलें एक वाक्य लिहावें. शेवटीं त्याच अर्थाचा मराठी प्रयोग आजीस विचारावा. तिला इंग्रजी येत नसलें तरी उत्तर बहुधा तिच्यापाशींच सांपडेल. आणि मुलांस एकाऐवजीं दोन भाषा येतील.