बंदूक मऊ, नियम कडक

पक्ष्यांच्या शिकारीसाठी खांद्याला कमीत कमी धक्का देणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक कोणती, असे अमेरिकेत किंवा इटलीत कुणी विचारले तर दुकानदार लगेच उत्तर देईल. गॅसवर चालणारी घ्या, हातात थोडी जड वाटली तरी चालेल, दस्ता स्वतःच्या मापाचा करून घ्या आणि काडतूस हलके वापरा. अमरावती-अकोल्यात हाच प्रश्न विचारला तर उत्तर कायद्याच्या पुस्तकातून येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला बारीक शिकारीचे परवाने होते, 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. तणमोरासारखा पहिल्या अनुसूचीतला पक्षी मारला तर 3 ते 7 वर्षे कैद आहे. बहुतेक वेळा चर्चा इथेच मिटते. पण ही बंदी केवळ भूतदयेपोटी आलेली आहे, ती सैल करून जबाबदार शौकिनांना मोजकी शिकार करू द्यायला काय हरकत आहे, असा सूर शेतातल्या रानडुकरांचा विषय निघाला की हटकून लागतो. त्या सुराला भूतदयेने उत्तर देता येत नाही. ते बंदुकीच्या रचनेतूनच द्यावे लागते.

धक्का येतो कुठून, हे आधी पाहू. बारा बोअरचे साधे काडतूस सुमारे 30 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटरच्या आसपासच्या वेगाने पुढे फेकते. जेवढा संवेग पुढे जातो तेवढाच मागे येतो आणि तीन-सव्वातीन किलोची बंदूक तो खांद्यात घुसवते. यातून सुटका कुठल्याच यंत्राला करता येत नाही, कारण हा न्यूटनचा हिशेब आहे. मात्र तो धक्का एका क्षणी एकदम द्यायचा की जरा पसरून द्यायचा, एवढे कारागिराच्या हातात असते. गॅसवरच्या बंदुकीत नळीतला थोडा वायू बाजूला काढून त्याने दट्ट्या ढकलला जातो. दट्ट्या, खटका आणि स्प्रिंग यांच्या हालचालीत वेळ जातो आणि खांद्याला ठोशाऐवजी रेटा जाणवतो. 1963 मध्ये आलेली रेमिंग्टन 1100 याच मऊपणासाठी गाजली. बेनेली कंपनीची पद्धत वेगळी. तिथे वायू न वापरता बंदुकीच्या मागे येण्याचीच ऊर्जा यंत्र फिरवायला लावतात. अशी बंदूक हलकी आणि साफ करायला सोपी असते, पण धक्का थोडा जास्त देते. दिवसभरात शंभर फैरी झाडणाऱ्याला हा फरक संध्याकाळी चांगलाच कळतो. बंदूक म्हणून पाहिले तर ही कारागिरी वाखाणण्यासारखीच आहे.

पण धक्का कमी झाला म्हणजे आणखी काय झाले, तेही पाहायला हवे. ठासणीच्या बंदुकीत एक बार उडाला की दारू, बोळा, छर्रे पुन्हा ठासेपर्यंत थवा नजरेआड होई. दुनळीने दोन बार दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ब्राउनिंगची ऑटो-5 बाजारात आली, तेव्हा घोडा ओढताच रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आपोआप आत जाऊ लागले आणि एका दमात पाच बार मिळाले. पुढे धक्काही मऊ झाला. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या बाराला नेम हलेनासा झाला, खांदा दुखायचा थांबला आणि दिवसभर थांबण्याचे शेवटचे शारीरिक कारणही उरले नाही. हत्यार अवजड होते तोवर शिकाऱ्यावरचा बराचसा संयम हत्यारच लादत असे. ते सोयीचे होत गेले तसतसा तो संयम दुसऱ्या कुणीतरी लादणे भाग पडले.

हे मी आपल्याकडच्या पक्षीप्रेमींच्या तोंडून बोलत नाही. ज्या देशात ही बंदूक जन्मली त्याच देशाने हे सर्वांत आधी ओळखले. ऑटो-5 येऊन पाच वर्षे होतात न होतात तोच, 1907 मध्ये, पेनसिल्व्हेनिया राज्याने शिकारीसाठी ऑटोमॅटिक बंदुकीवर बंदी घातली. ती पुढे शंभरहून अधिक वर्षे टिकली. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी 1913 च्या आपल्या पुस्तकात या बंदुकांविरुद्ध आघाडीच उघडली. हे हॉर्नडे काही अहिंसावादी नव्हते. 1877 मध्ये ते भारतात आले होते आणि दक्षिणेच्या जंगलांत त्यांनी हत्ती-वाघांवर गोळ्या झाडल्या होत्या. उत्तर अमेरिकेच्या मधल्या भागातल्या दुष्काळाने बदकांचे थवे रोडावले तेव्हा, 1935 मध्ये, संघराज्य सरकारने नियम केला की स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. तेव्हापासून तिथले शिकारी पाच बारांच्या बंदुकीच्या कोठीत खुंटी ठोकून ती तिनावर आणतात. पुढे 1991 मध्ये पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रेही देशभर बंद झाले, कारण पाणथळीच्या तळाशी पडलेले छर्रे दाण्यांबरोबर गिळून बदके विषबाधेने मरत होती. आपल्याकडे परवाने संपले तेही त्याच वर्षी. बंदुकीवर जीव असलेल्या समाजालाही तिच्या प्रत्येक सुधारणेनंतर नियमाचा एक फास आवळावा लागला आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. इथली पक्षीशिकार ही मुख्यतः माळाची शिकार होती. काळ्या मातीच्या शेतांच्या मध्ये उरलेली गवताळ राने, त्यात तित्तर, लावा, पखुर्डी आणि पावसाळ्यात तणमोर. तणमोराचा नर विणीच्या काळात गवतातून माणसाच्या उंचीएवढा वर उसळतो, पंख फडफडवत खाली येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उसळतो. दिवसात शेकडो वेळा. मादीला दिसावे म्हणून चाललेली ही धडपड बंदूकवाल्यालाही आयती दिसते. गोऱ्या साहेबांच्या शिकारवर्णनांत हा पक्षी मानाचा आहे, तो टिपायला सोपा होता आणि ताटात रुचकर होता म्हणून. ऐन विणीत नर मारले जातात याची हळहळ त्या काळच्या काही शिकाऱ्यांनीच लिहून ठेवली आहे. 2021 मध्ये जागतिक यादीत तणमोर 'अतिसंकटग्रस्त' गटात गेला. अकोला-वाशीम भागात तो आजही काही पावसाळ्यांत दिसतो, अनेकदा सोयाबीनच्या शेतात.

तिथेच या युक्तिवादाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. तणमोर नेमका कुठे उतरतो, कुठल्या पट्ट्यात घरटे करतो, हे फासेपारध्यांइतके कुणाला माहीत नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांत पारधी होते. तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता पुसला गेलेला नाही. फासेपारध्याचे हत्यार नावातच आहे. फाशात पक्षी जिवंत सापडतो, हातात येतो, नर की मादी, पिल्लू की थोराड, हे पाहता येते आणि सोडायचा तर सोडता येतो. छऱ्यांच्या फैरीत निवड करायला जागाच नसते. काडतुसातले शेकडो छर्रे पसरत जातात, थव्यातला एक पडतो आणि दोन जखमी होऊन गवतात जातात, त्यांची गणती कुठेच होत नाही. फाशाची शिकारही आज बेकायदा आहे आणि ती पुन्हा सुरू करावी असे मी म्हणत नाही. पण गेल्या काही वर्षांत 'संवेदना' या संस्थेबरोबर अकोला-वाशीमच्या फासेपारध्यांनी तणमोर राखण्याचे काम हाती घेतले, ते याच ज्ञानाच्या बळावर. पक्ष्याच्या इतक्या जवळ जाणे ज्याच्या हत्याराने भाग पाडले त्याच्याकडे हे ज्ञान साठले. चाळीस पावलांवरून घोडा ओढणाऱ्याकडे ते साठण्याचे कारणच नव्हते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. अमेरिकेत 1937 च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी राखून ठेवला. त्याच्या तीन वर्षे आधीपासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्यातून पाणथळी विकत घेतल्या जातात. शिकारी पक्ष्याला मारतो आणि त्याच्या घराचे भाडेही भरतो, मग आपण का नाही, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण ती व्यवस्था उभी आहे ती दरवर्षीच्या मोजणीवर. उत्तरेत विणीला किती बदके आहेत ते मोजून हंगामाची प्रत्येक शिकाऱ्याची मर्यादा ठरते, आणि तळ्याकाठी पिशवी तपासणारा रक्षक खरोखर येतो. वऱ्हाडातल्या माळाची सरकारी कागदावर ओळख 'पडीक' एवढीच आहे. जी जमीनच कुणाच्या हिशेबात नाही, तिच्यावरचे तित्तर किती हे कोण मोजणार आणि किती मारायचे हे कोण ठरवणार? शिवाय आपल्याकडे परवान्यांची पद्धत होऊन गेलेली आहे. मर्यादा, हंगाम, फी, सगळे कागदावर होते. ते राबवणारी यंत्रणा नव्हती. गवताळ पट्ट्यांची मोजणी आणि राखण नीट सुरू झाली, तर दोन-तीन दशकांनी हा प्रश्न नव्याने विचारायला माझी ना नाही. पण ते काम न करताच आधी बंदूक मागणे म्हणजे विहीर खोदण्याआधी मोट जुंपणे आहे.

दुसरा आक्षेप असा की तणमोर बंदुकीने संपला नाही, नांगराने संपवला. हे बऱ्याच अंशी खरे आहे. गवत गेले, ज्वारी गेली, सोयाबीन आले, फवारे वाढले. अमेरिकेतले प्रवासी कबुतरही ऑटो-5 येण्याआधीच रानातून नाहीसे झाले होते, जाळ्यांनी, साध्या बंदुकांनी आणि जंगलतोडीने. म्हणजे पक्षी संपवायला मऊ बंदूक लागतेच असे नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. घर गेलेल्या पक्ष्याला शिकारीचा भार पूर्वीपेक्षा कमी झेपतो. तणमोराच्या कुळातल्या माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्यांच्या मुलखात चुकून पडलेला एक बारही भारी ठरतो, आणि उडत्या पक्ष्यावर नेम धरणाऱ्याला उठला तो लावा की तणमोराची मादी, हे ओळखायला क्षणभरच वेळ मिळतो.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत खरा आहे. रात्री जागल करून सकाळी लोळलेला हरभरा पाहणाऱ्या माणसाला तणमोराची गोष्ट सांगणे हा क्रूरपणाच होईल. पण त्याचे वैरी पक्षी नाहीत, रानडुक्कर आणि रोही आहेत. ज्वारीवरच्या पाखरांना त्याची गोफण पुरत आली आहे. रानडुकरांसाठी कायद्यात वाट आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी वन अधिकारी देऊ शकतात, आणि राज्य सरकारने 2015 मध्ये ती पद्धत सोपीही केली. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. सेमी-ऑटोमॅटिक हत्यारे मात्र 2016 च्या शस्त्र नियमांत अधिक कडक गटात आहेत, आणि परदेशी बंदूक मागवण्याची वाट मुख्यतः नामांकित नेमबाजांसाठी उघडी आहे. यात मला वावगे दिसत नाही. पक्ष्यांसाठीच्या बारीक छऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी तुरीत निंदणाऱ्या बाईवर धावून येते. शेतकऱ्याच्या खांद्यावर मऊ बंदूक देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याला हवा आहे परवानगीचा कागद घेऊन त्याच रात्री येणारा, नेम पक्का असलेला माणूस, आणि पंचनाम्यानंतर लवकर हातात पडणारी भरपाई.

आणि ज्याला खरोखर त्या मऊ धक्क्याची गोडी आहे त्याच्यासाठी मातीच्या तबकड्या आहेत. ट्रॅप आणि स्कीट हे ऑलिंपिकचे खेळ आहेत. 2004 मध्ये राज्यवर्धन राठोड यांनी अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, तर 2024 मध्ये पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांची स्कीटची जोडी चौथी आली. तिथे काडतूस 24 ग्रॅमचे असते, पात्रता फेरीतच 125 तबकड्या असतात आणि सराव त्याच्या कितीतरी पट. अशा खेळात खांदा वाचवणे ही गरज आहे. विशेषतः नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, कारण पहिल्याच आठवड्यात खांदा काळानिळा झाला की बार उडताना डोळे मिटायची सवय लागते आणि ती पुढे सुटत नाही. अव्वल नेमबाज बहुतेक वर-खाली नळ्यांची दुनळीच वापरतात, पण सरावाला गॅसवरची बंदूक चांगली. अमरावती विभागात तबकड्यांचे एक सार्वजनिक मैदान झाले, त्यात छर्रे गोळा करण्याची सोय ठेवली आणि पीक संरक्षणाचा परवाना घेणाऱ्यालाही तिथे नेमाची चाचणी सक्तीची केली, तर शौकीन आणि शेतकरी दोघांचे काम एका जागी होईल. जागा निवडताना फक्त एक पाहावे, ती महसुली नोंदीत पडीक म्हणून स्वस्तात मिळालेली गवताळ जमीन नसावी.