कबड्डी आणि दूरचित्रवाणीचें द्रव्य

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें कबड्डी जगास दाखविली, तेव्हां तिच्यामागें व्यापार नव्हता. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग निघाली. दूरचित्रवाणीच्या द्रव्यानें खेड्यांतील खेळाडूंस मान व वेतन मिळालें, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु आतां सामन्याची वेळ घरीं बसलेल्या प्रेक्षकांच्या सोयीनें ठरते, आणि खेळाडूनें कोणत्या शहराकडून खेळावें हें लिलावांतील बोली ठरविते. आमच्या गडचिरोलींत मात्र धानाची कापणी आटोपली कीं मुलें मैदान आंखतात. ज्या मातींतून खेळाडू निपजतात, तिला त्या द्रव्याचा वाटा मिळावा, हाच न्याय होय. विद्यार्थ्यांनो, सामने अवश्य पाहा. पण सायंकाळीं मैदान ओस पडूं देऊं नका.