कायमच्या पट्ट्याचे राजकारण

कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, एवढ्या निमित्ताने १८५३ साली कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तोच मुलूख सालिना २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या कास्तकाराला कोणी विचारले नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हाच मार्ग धरला. कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार फेटाळला. तेव्हा पनामातील बंडाला अमेरिकन युद्धनौकांचे कवच लाभले. नव्या राष्ट्राच्या वतीने सही केली एका फ्रेंच माणसाने, आणि कालव्याचा पट्टा कायमचा गेला. १९०५ साली कर्जवसुलीच्या नावाखाली डोमिनिकन प्रजासत्ताकाची जकातही अमेरिकेच्या हाती आली.

कर्ज हे निमित्त, करार हा बुरखा. सही असते, संमती नसते. 'कायमचा' हा शब्द साम्राज्ये लिहितात आणि जनता तो खोडते. वऱ्हाडात तो १९४७ साली खोडला गेला, पनामात १९९९ अखेर. तरी २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी कालवा परत घेण्याची भाषा केलीच. ज्यांच्या मुलुखाचा असा सौदा झाला होता, त्या वऱ्हाडाने तरी ती भाषा ओळखली पाहिजे.