कलिंगदेशची वाट

पुरीस जाणारी आपली मंडळी बहुधा जगन्नाथाचे दर्शन घेतात, समुद्रात पाय भिजवितात आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरतात. यात्रा खरीच, परंतु ओडिशा तेवढ्याने पाहून होत नाही. आम्ही यंदा मार्गशीर्षात पाच दिवस काढले. बरोबर सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि शाळेत जाणारी नात.

भुवनेश्वरी लिंगराजाचे देऊळ कोणी चुकवीत नाही; मुक्तेश्वराचे तोरण मात्र घाईने पाहू नये. उदयगिरीच्या हाथीगुंफेतील खारवेलाच्या लेखात शातकर्णीचे नाव आले आहे, ते मुलांस अवश्य सांगावे.

आम्हांस खरी ओढ होती ती धौलीची. भुवनेश्वराच्या दक्षिणेस सुमारे ८ किलोमीटरवर, दया नदीच्या काठी ही टेकडी आहे. माथ्यावर १९७२ साली बांधलेला शुभ्र शांतिस्तूप आहे आणि पुष्कळ प्रवासी तो पाहूनच परततात. पाहावयाचे ते खाली आहे. एका खडकावर ब्राह्मी लिपीत अशोकाची शासने कोरलेली असून वरच्या अंगास शिळेतून बाहेर येणारा हत्ती आहे. पूर्वार्धच कोरलेला, पण जिवंत.

या शिळेशी आमचे जुने नाते. ३५ वर्षे शाळेत शिकविताना अशोकाचा धडा आला की आम्ही फळ्यावर आकडा लिहीत असू : एक लक्ष मारले गेले, दीड लक्ष धरून नेले. आणि भरल्या गळ्याने सांगत असू, की ज्या भूमीवर रक्त सांडले तेथेच राजाने आपला पश्चात्ताप कोरून ठेविला. धौलीसही आम्ही तेच सांगू लागलो. नात बरोबरची पुस्तिका चाळीत होती. ती म्हणाली, "आजोबा, तो लेख तेरावा ना? मग तो इथे नाही."

आम्ही चष्मा लावून वाचले. पोरीचे खरे होते. धौलीस दहाव्या शासनानंतर एकदम चौदावे येते. अकरावे, बारावे, तेरावे गाळलेले. त्यांऐवजी कलिंगातील अधिकाऱ्यांसाठी दोन स्वतंत्र शासने आहेत. पश्चात्तापाचा लेख उत्तरेस कालसीस आहे, पश्चिमेस गिरनारास आहे. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारात मात्र नाही. जित प्रजेच्या जखमेस धक्का लागू नये म्हणून तो गाळला असावा, असा विद्वानांचा तर्क आहे. असेलही. आम्हांस मात्र वाटते, परक्या गावी अपराध कबूल करणे सोपे. ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर राजाचीही जीभ अडखळते. तथापि सारी प्रजा मला लेकरांसारखी आहे, कोणास अकारण बंदिवास घडू नये, असे त्याने तेथे बजावले आहे. हेही थोडे नव्हे. परंतु आमचे मन शिळेवरून फळ्याकडेच जात होते. किती मुलांनी ते चुकीचे उत्तर लिहून आमच्याकडून पूर्ण गुण घेतले असतील!

पुढे कोणार्क. तेराव्या शतकात नरसिंहदेवाने उभारलेला हा सूर्याचा रथ, २४ चाकांचा, सात घोड्यांचा. मुख्य शिखर केव्हाच कोसळले. समोरचा मंडपही पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी आतून वाळूदगडांनी भरून बंद करण्यात आला. तेथून जवळच चंद्रभागेचा किनारा आहे, सूर्योदयापूर्वी पोहोचावे. माघ शुद्ध सप्तमीस येथे स्नानाची मोठी यात्रा भरते. हीच आपली रथसप्तमी, हे कळताच सौभाग्यवतींनी वाळूवर बोटानेच रथ काढला. पहिल्या लाटेने तो नेला, आणि त्या हसल्या.

कोणार्क आधी पाहावे, पुरी मागाहून, असे आम्ही सुचवितो. कारण पुरीस सिंहद्वारासमोर सुमारे ३४ फूट उंचीचा एकसंध पाषाणाचा अरुणस्तंभ आहे, तो मूळचा कोणार्काचा. सूर्याचा सारथी सूर्यासमोर असावा. तो आज जगन्नाथासमोर आहे. तो येथे आणला गेला मराठ्यांच्या अमलात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता.

चिरंजीव म्हणाले, "ओसाड देवळात पडून राहण्यापेक्षा वाचला म्हणायचा." हे म्हणणे खोटे नाही, कोणार्कास पूजा तेव्हा बंद पडलेलीच होती. नातीने विचारले, "पण कोणार्कच्या लोकांना विचारलं होतं का?" आम्ही महाप्रसादाच्या आनंदबाजाराकडे पाय वळविले. तेथे कोणी कोणाची जात पुसत नाही, सारे एकत्र जेवतात. आमचे सोवळे घरी कडक; पण सौभाग्यवतींनी त्या दिवशी निःशंक मनाने घास घेतला. पुरीचा समुद्र मात्र खवळलेला असतो. मुलांस हात धरूनच उतरवावे.

परत आल्यावर आम्ही आमच्या जुन्या शाळेत गेलो. हल्लीच्या इतिहासशिक्षकांस झालेली चूक सांगितली आणि इयत्ता सहावीचा एक तास मागून घेतला आहे. तास येत्या सोमवारी आहे. फळ्यावर तो आकडा पुन्हा लिहावयाचा, तो कोणत्या शिळेवर नाही हे सांगावयाचे, आणि वेळ उरला तर अरुणस्तंभाचेही सांगावयाचे. नातीने शाळेला सुटी घेऊन मागच्या बाकावर बसण्याचा हट्ट धरला आहे.