इमारतीचा एक टक्का

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक सोपं गणित घालते. एक मोठी इमारत बांधायला 40 कोटी रुपये खर्च आला. त्याचा एक टक्का किती? बरोबर, 40 लाख! आता सांगा पाहू, हे 40 लाख कोणाचे? बिल्डरचे? महापालिकेचे? छे! ते आहेत तिथे घमेली वाहणाऱ्या, सळया बांधणाऱ्या, परांचीवर चढून प्लास्टर करणाऱ्या कामगारांचे. कसे, ते पाहू या.

तुमच्या घराजवळ बांधकाम चालू असेल, तर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग दिसेल. कामगार तिथे राहतात. कोणी मराठवाड्यातून आलेलं असतं, कोणी कर्नाटकातून, कोणी थेट बिहारमधून. आई-बाबा दोघंही कामावर जातात. मग तान्ह्या बाळाला कोण सांभाळणार? सात-आठ वर्षांची ताई! साहजिकच तिची शाळा बुडते. काम संपलं की बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर, आणि तिथे पुन्हा तेच.

1969 साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजुरांची बाळं तिथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि साइटवरच पाळणाघर सुरू केलं. काम हललं की पाळणाघरही हलायचं! म्हणून संस्थेचं नाव पडलं ‘मोबाइल क्रेशेस’. पुढे मुंबई-पुण्यातही अशी पाळणाघरं निघाली. बिल्डरांनी जागा, पाणी, वीज द्यावी, असा या मंडळींचा आग्रह असे. म्हणजे बघा, बांधकामाच्या खर्चात मूलही धरायचं असतं, हे कोणीतरी पहिल्यांदा ठणकावून सांगितलं.

1996 साली केंद्र सरकारने याबाबत कायदे केले. 50 पेक्षा जास्त स्त्रिया काम करत असतील, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं त्यात होतं. शिवाय बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी. हेच आपले 40 लाख! 2020 च्या नव्या श्रमसंहितांतही पाळणाघर आणि उपकर या दोन्ही गोष्टी आहेत.

मग अडलं कुठे? या पैशातून मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाचा खर्च अशी मदत मिळते, पण त्यासाठी कामगाराची नोंदणी हवी. नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या माणसाला तो दाखला द्यायचा कोणी? मुकादम ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. परिणाम असा, की हजारो कोटी रुपये गोळा होऊन पडून राहिले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने यावरून सरकारांना चांगलंच फटकारलं.

नव्या स्लॅबवर गवंडी कितीतरी दिवस पाणी मारत राहतात. का? तर तो मजबूत व्हावा, वर्षानुवर्षं टिकावा म्हणून. पण टिकाऊ बांधकाम म्हणजे नुसता भक्कम स्लॅब नव्हे हं! जुनी भिंत पाडून निघालेला राडारोडा रात्री गुपचूप ओढ्यात टाकला, की पावसाळ्यात पाणी काठच्या वस्तीत शिरतं. खरं तर तोच राडारोडा भरडून त्याचे ठोकळे करता येतात. इमारत उभी राहिली, पण ओढा बुजला आणि ताईची शाळा सुटली, तर तो हिशेब पुरा झाला असं कसं म्हणायचं?

आता तुमचं काम. जवळच्या बांधकामावर मुलं दिसली, तर आई-बाबांना घेऊन तिथे जा आणि तीन प्रश्न विचारा. इथे पाळणाघर आहे का? कामगारांची नोंदणी झाली का? राडारोडा कुठे जातो? आणि हो, 6 ते 14 वर्षांचं मूल असेल, तर जवळच्या सरकारी शाळेत सांगा. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही. वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी प्रवेश मिळतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं म्हटलंय.

पालकहो, सोसायटीची पुनर्बांधणी ठरत असेल, तर पार्किंगच्या जागेबरोबर पाळणाघराची खोलीही करारात लिहून घ्या. ताईला शाळेत जायला तेवढी एक खोली पुरते.