राज्यमातेची वैरण

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा बहाल केला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रत्येकी दररोज 50 रुपयांचे अनुदान मंजूर केले. गोभक्तीच्या या उमाळ्यात शासनाला गाय सांभाळणाऱ्याचा मात्र विसर पडला. लाल कंधारी आणि देवणी ही मराठवाड्याची दोन नामांकित वाणे गोशाळांत निपजलेली नाहीत. नांदेड-लातूरकडील कष्टकरी कुटुंबांच्या गोठ्यांत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ती घडली. अर्धापूरच्या परिसरात दावणीला चार-पाच गुरे बाळगणाऱ्या कुटुंबाला या अनुदानात स्थान नाही.

वस्तुतः हा गोठा म्हणजे एक छोटी स्वावलंबी अर्थव्यवस्था होती. ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा जनावराला. जनावराचे बळ आणि शेणखत पुन्हा रानाला. लाल कंधारी गाय दूध बेताचेच देते. पण तिचा बैल मराठवाड्याच्या उन्हात जड ओढकाम करतो आणि भरड वैरणीवर तग धरतो. तिचे मोल केवळ दुधाच्या मापाने करणारा हिशेब मुळातच अपुरा आहे.

हे चक्र शेतकऱ्याची माया आटल्यामुळे मोडले नाही. ज्वारी परवडेना म्हणून सोयाबीन आले. त्याच्या भुसाला कडब्याची सर नाही. ईसापूर धरणाच्या कालव्याने अर्धापूरच्या केळीला नाव मिळवून दिले. परंतु केळीची बाग शेणखत मागते, दावणीला कडबा देत नाही. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. चराईचे दुखणे तर फार जुने. जंगल खात्याने गावोगावची गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. आज उरल्यासुरल्या गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीन दलिताकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण गुरे राखणारा आणि भूमिहीन यांना एकाच तुकड्यासाठी झुंजवणारी जमीनव्यवस्था हीच खरी दोषी होय.

त्यातच 2015 च्या कायदा-दुरुस्तीने गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेल्या बैलाची विक्री हा लहान शेतकऱ्याचा घसारा-निधी होता. त्यात भर घालून तो नवी जोडी उभी करी. हा निधी कायद्याने बुडाला, भरपाई मात्र मिळाली नाही. 2012 व 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील देशी गोवंश सुमारे 6 टक्क्यांनी घटला, तर विदेशी व संकरित गोवंश सुमारे 27 टक्क्यांनी वाढला. ही घट एकट्या कायद्याची करणी नव्हे. परंतु निकामी जनावराचा सारा भार ज्याच्या माथी मारला जातो, तो नवे वासरू वाढवताना दहादा विचार करणारच.

म्हणून मागणी साधी आहे. देशी वाण सांभाळणाऱ्या कुटुंबाला, त्यात भूमिहीन पशुपालकही आले, गोशाळेइतकेच अनुदान द्यावे. ज्वारीची हमीभावाने खरेदी व्हावी, म्हणजे दाण्याबरोबर कडबाही पिकेल. भूमिहीनांचा हक्क मान्य करून उरलेली गायराने ग्रामसभेच्या देखरेखीखाली चराईसाठी राखावीत. थकलेल्या बैलाचे काय करायचे याचा निर्णय एकतर शेतकऱ्यावर सोपवावा, नाहीतर त्याच्या पोषणाचा खर्च समाजाने उचलावा. मातेचा मान शासनाने द्यायचा आणि तिच्या वैरणीची चिंता गरिबाने वाहायची, हा व्यवहार न्यायाचा नाही.